अंडा रस्सा

कोंबडीची अंडी उकडून किंवा थेट फोडून घालून केलेले पातळ, तिखट कालवण. महाराष्ट्रात ते भाकरी, चपाती, पाव किंवा भाताबरोबर खातात. ढाब्यांवर हेच कालवण जरा दाट आणि तेलकट होऊन ‘अंडाकरी’ या नावाने मिळते. मटणाच्या मानाने स्वस्त आणि झटपट, त्यामुळे अचानक पाहुणा आला की, किंवा खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्टोव्हवर, याचा नंबर आधी लागतो.

मटण शिजताना त्याचा अर्क पाण्यात उतरतो. उकडलेले अंडे मात्र रश्श्याला जवळजवळ काही देत नाही, आणि रस्साही त्याच्या आत फारसा मुरत नाही. म्हणून सगळी मदार वाटणावर असते. वाटण फसले तर अंडी कितीही घाला, उपयोग नाही.

चार माणसांसाठी सहा अंडी, दोन मध्यम कांदे, अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे, आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा आणि मूठभर कोथिंबीर पुरते. कांदा उभा चिरून थोड्या तेलावर चांगला तांबूस होईपर्यंत परततात. इथे घाई केली की रश्श्याला कच्चट, गोडसर चव येते. खोबरे वेगळे, मंद आचेवर भाजावे, कारण ते कांद्याच्या कितीतरी आधी करपते आणि एकदा करपले की कडवटपणा जात नाही. चूल असलेल्या घरांत अख्खा कांदा आणि खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर भाजतात. तो धुरकट वास गॅसवर येत नाही. हे सारे बारीक वाटून तेल सुटेपर्यंत परतायचे, मग हळद, मसाला, मीठ आणि गरम पाणी. पाणी गरम असले की उकळी मोडत नाही आणि वर तर्री चांगली येते.

मसाला मुलखाप्रमाणे बदलतो. कोल्हापूर-साताऱ्याकडे कांदा-लसूण मसाला, मराठवाडा-खानदेशात काळा मसाला. कोकणात ओले खोबरे, मालवणी मसाला आणि आंबटपणाला आमसूल किंवा टोमॅटो. माणसे वाढली तर बटाट्याच्या फोडी पडतात.

अंडी उकळी आल्यापासून दहा-बारा मिनिटे उकडून लगेच गार पाण्यात टाकतात. जास्त उकडल्यास पिवळ्या बलकाभोवती हिरवट-करडी कड येते: पांढऱ्यातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने ती बनते; दिसायला वाईट, खायला निर्धोक. अगदी ताजी अंडी सोलताना टरफलाबरोबर पांढरेही निघते, तेव्हा उकडण्यासाठी चार-सहा दिवसांची अंडी बरी. सोललेल्या अंड्यांना सुरीने उभ्या चिरा देऊन हळद-तिखटात परतले, तर वरची साल खरपूस होते आणि मसाला निदान चिरांत तरी बसतो. चिरा न देता तेलात सोडलेले अंडे तडकते, तेल अंगावर उडते. काही जणी एक बलक मुद्दाम रश्श्यात कुस्करतात. रस्सा मिळून येतो.

दुसरी तऱ्हा फोडून सोडलेल्या अंड्यांची. रस्सा संथ उकळत असताना अंडी एकेक वाटीत फोडून अलगद कडेने सोडतात, झाकण ठेवतात आणि पाच-सात मिनिटे डाव अजिबात घालत नाहीत. ढवळले की पांढऱ्याचे धागे होऊन रस्सा गढूळतो. इथे अंडे मसाल्यातच शिजते, त्यामुळे चवीला ही तऱ्हा उकडलेल्याहून सरस. दिसायला ओबडधोबड, म्हणून पाहुण्यांपुढे कमी येते.

अंडे मांसाहारातच मोजले जात असल्याने अनेक घरांत श्रावणात, एकादशीला आणि देवाच्या वारी हा बेत होत नाही. काही शाकाहारी घरांत अंड्याचे पातेले वेगळे असते.

रस्सा उरला तर दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो. तो गरम करताना अंडी आधी बाहेर काढावीत. पुन्हा उकळली की पांढरे रबरासारखे चिवट होते.