नाव मिळवणे आणि नावे ठेवणे

श्रोते हो, आपल्या बोलीत ‘नाव’ या एका शब्दाला किती कामे आहेत पाहा. मुलगा शिकून मोठा झाला, की त्याने घराण्याचे नाव काढले असे आपण म्हणतो. व्यापारी मापात खोटा निघाला, की त्याचे नाव गेले. आणि दुसऱ्याचे उणे काढायला बसलो, की आपण त्याला नावे ठेवतो. नाव मिळवणे काय, घालवणे काय, पुष्कळसे ज्याच्या त्याच्या हाती असते. नावे ठेवणे मात्र दुसऱ्याच्या तोंडी असते. आज खानदेशातली एक जुनी हकीकत सांगणार आहे. तिच्यात एका माणसाने ठरवून नाव मिळवले; आणि त्याच्या आधी एका अख्ख्या समाजाला नावे ठेवून झाली होती.

1818 साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. त्या वेळी हा मुलूख उजाड झालेला होता. फौजांची ये-जा, पेंढाऱ्यांची लूट आणि 1803-04 चा भयंकर दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. भिल्ल मंडळी पूर्वीपासून गावाची राखण करीत, वाटा सांभाळीत आणि त्याबद्दल गावाकडून ठरलेला हक्क घेत. आता गावच उठले, तर हक्क कोण देणार? बरेचजण सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरांत गेले. घाट अडवू लागले, गुरे हाकून नेऊ लागले. कंपनी सरकारच्या दप्तरात मग एकच शब्द पक्का झाला : लुटारू. कालचा राखणदार आज लुटारू का झाला, हे विचारण्याआधी फौजा निघाल्या. नाईकांना पकडले, काहींना फासावर चढवले. मध्ये अभयाची वचनेही दिली. पण सात वर्षांत बंदोबस्त काही होईना. बोलावणे आले की भिल्लांना त्यात सापळाच दिसे.

1825 साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. भिल्लांचीच एक पलटण उभी करायची, असे ठरले. हे काम आले जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लष्करी अधिकाऱ्याकडे.

आता विचार करा. तुम्ही परके, तुमचे सरकार परके. त्या सरकारच्या शब्दावर कुणाचा विश्वास नाही. अशा जागी हा पोरसवदा साहेब काय करणार? दवंडी पिटून ‘मी भला माणूस आहे’ म्हटले, तर कोण ऐकेल? औट्रमने ते केले नाही. तो एकटाच नाईकांबरोबर रानात गेला. पहारा न ठेवता त्यांच्यात राहिला. त्यांच्या वाडवडिलांच्या गोष्टी ऐकत बसला, त्यांना जेवणे घातली. दारूही पाजली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. इतके करून सुरुवातीला किती माणसे मिळाली? फक्त पाच! पण एवढी सुरुवात पुरे, असे त्याला वाटले, आणि ते खरे ठरले. थोड्याच वर्षांत पलटण शेकड्यांवर गेली. तिचे ठाणे आपल्या धरणगावला होते.

दारूने पाचजण जवळ आले असतील, पण शेकडो टिकले ते दारूने नव्हे. साहेब आपल्यात निर्धास्त झोपतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. वाघाच्या मागे तो स्वतः पुढे होऊन जातो, हेही पाहिले होते. खानदेशातल्या दहा वर्षांत त्याने दीडशेहून अधिक वाघ मारले. आज आपण त्या शिकारीकडे कौतुकाने पाहणार नाही. पण गुरे आणि माणसे वाघाच्या तोंडी जात होती, त्या काळात धाडसाची ही साक्ष गावोगाव पोचत होती.

या सर्वांहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. भिल्ल शिपाई मालेगावच्या छावणीत गेले, तेव्हा औट्रमच्या मूळ पलटणीतल्या शिपायांनी, त्यांत उच्च जातींचे लोकही होते, त्यांना हिणवले नाही. जवळ बसवले, खाऊ घातले, बोलले. ज्यांना काल लुटारू म्हटले होते, त्यांना आज पंगतीत जागा मिळाली. आपल्या देशात पंगतीची जागा म्हणजे काय, ते शिक्षकांना सांगायला नको.

औट्रम 1835 मध्ये इथून गेला. पुढे 1842 मध्ये सर चार्ल्स नेपियर याने भर मेजवानीत त्याला ‘हिंदुस्थानचा बायार्ड’ म्हटले. बायार्ड हा फ्रान्समधला निष्कलंक म्हणून गाजलेला सरदार. गंमत अशी, की सिंध खालसा करण्यावरून औट्रमचे याच नेपियरशी बिनसले. पुढे बडोद्याला त्याने लाचलुचपत उघडकीस आणली. तिला इंग्रजांच्या कागदांत आपलाच शब्द पडला : ‘खटपट’. त्यापायी त्याची बडोद्याची जागा गेली. मिळालेले नाव सांभाळायलाही किंमत पडते ती अशी. पण 1856 मध्ये अवधचे राज्य खालसा झाले, तेव्हा तिथला रेसिडेंट हाच होता, हेही विसरू नका. माणूस सचोटीचा होता, तरी चाकरी साम्राज्याची होती.

आणि या नावाला एक मोठी मर्यादा होती. विश्वास औट्रमवर बसला होता, सरकारवर नव्हे. खाज्या नाईक हा सेंधव्याच्या घाटात वाटेची राखण करणारा सरकारी चाकर. तोच 1857 साली सरकारविरुद्ध उभा राहिला. एप्रिल 1858 मध्ये सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांनी इंग्रजी फौजेशी लढाई दिली. एका साहेबाने कमावलेली पत सरकारच्या खात्यावर कायमची जमा झाली नव्हती.

औट्रमच्या चरित्रात एक गोष्ट येते. पुढे काही वर्षांनी त्याच्या जुन्या भिल्ल शिपायांना एक ओबडधोबड मूर्ती सापडली. तिचा चेहरा साहेबासारखा वाटला, म्हणून त्यांनी ती ‘औट्रम साहेब’ म्हणून पुजली. गोष्ट गोड आहे. पण ती लिहिली कुणी? इंग्रजाने, इंग्रजांसाठी. औट्रमची पत्रे छापली गेली, चरित्र निघाले, लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत त्याची समाधी झाली. आणि ते पहिले पाचजण? जिवावर उदार होऊन परक्याच्या शब्दावर त्यांनीही विश्वास टाकला होता. धाडस दोन्हीकडचे होते. एकाचेच नाव पुस्तकात राहिले.

तेव्हा शेतकरी बांधवांनो, नाव मिळवायचे असेल तर ते चार लोकांच्या डोळ्यांदेखत, दिलेला शब्द पाळून मिळते. औट्रमकडून एवढे जरूर घ्यावे. आणि गुरुजी, तुमच्या हातात खडू आहे, हजेरीपट आहे. एखाद्या पोराच्या किंवा एखाद्या वस्तीच्या नावापुढे तुम्ही एक शब्द लिहिता, तो फार वर्षे पुसला जात नाही. नावे ठेवण्याआधी, कालचा राखणदार आज असा का झाला, एवढे विचारा. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी तुमची शाळा असेल, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ मुलांना बसवा. त्यांच्या आजा-पणजांची नावे, ऐकलेल्या हकीकती मुलांच्या हातून वहीत उतरवून घ्या. ज्यांचा इतिहास इतरांनीच लिहिला, त्यांच्या घरातली लेखणी आता चालू लागली पाहिजे.