आधी बाहेरचं पाणी उतरू दे

पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना पाऊस किती झाला असं फारसं विचारत नाहीत. पाणी कुठवर आलं, असं विचारतात. आणि उत्तर फुटा-मीटरात मिळत नाही. ‘दुतोंड्याच्या गुडघ्याला’, ‘कमरेला’, ‘छातीला’ असं मिळतं. रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे आमचं जुनं माप. दुसरं माप सराफ बाजारातल्या सरकारवाड्याचं. पेशवाईतल्या त्या वाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या, यावरून आजूबाजूची घरं आपापला अंदाज बांधत. मला आज सांगायचंय ते मात्र पायऱ्यांच्याही खालचं आहे. जुन्या नाशकातल्या तळघराचं.

आमचा वाडा भांडी बाजाराजवळ. आजोबांचं, म्हणजे आबांचं, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं आणि छातीइतकं उंच. माजघरातून सात पायऱ्या उतरलं की तळघर. भिंती तीन फूट रुंद, दगड घाणीत मळलेल्या चुन्यात बसवलेले. चौकाच्या बाजूनं जोत्यात विटेएवढे चार झरोके होते. त्यांना झाकण नाही, जाळी नाही. खाली काय ठेवायचं याचाही दंडक होता. हंडे, घंगाळी, पराती, बंब. भिजले तर चिंचेनं घासून घ्यायचे, एवढंच नुकसान. धान्य, कापड आणि कागद यांना खाली मज्जाव. दुकानाच्या वह्या माडीवर, तुळईला टांगलेल्या फळीवर असत.

पूर म्हणजे नदी काठ सोडून चालत घरात येते, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. आमच्या भागात पाणी आधी पाठीमागून येतं. सरस्वती नाला जुन्या गावातून, बाजारपेठेखालून जाऊन गोदावरीला मिळतो. नदी फुगली की त्याचं तोंड दाबलं जातं आणि गावात पडलेलं पाणी मागे फिरतं. नाला झाकला गेला त्यालाही जमाना झाला. दहीपुलावर उभं राहून ‘पूल कुठे आहे?’ असं विचारणारे पाहुणे मी पाहिले आहेत. पाण्याला मात्र जुना पत्ता अजून पाठ आहे.

गंगापूर धरण 1965 साली पूर्ण झालं. आता पुराची कटकट गेली, असं पेठेत बोललं जाऊ लागलं. (धरण भरलं की पाणी सोडावंच लागतं, हे तेव्हा कुणी फारसं मनावर घेत नसावं.) आणि सप्टेंबर 1969 मध्ये महापूर आला. मी चौदा वर्षांचा होतो. तळघर वरच्या पायरीपर्यंत भरलं. पाऊस थांबताच काका बादल्या घेऊन आले, तर आबा तळघराच्या दारातच बसलेले. ‘आधी बाहेरचं पाणी उतरू दे,’ म्हणाले. दोन दिवस त्यांनी बादली बुडवू दिली नाही. तिसऱ्या दिवशी परवानगी मिळाली, तीही दोनच पायऱ्या उघड्या पडेपर्यंत. बाकीचं उद्या, आणि उरलेलं परवा.

आम्हाला हा म्हातारपणाचा हट्ट वाटला. त्यातलं शास्त्र कळायला मला आणखी एकोणचाळीस वर्षं लागली.

मधल्या काळात आबा गेले, वाड्याच्या वाटण्या झाल्या. तळघर ‘सुधारायचं’ ठरलं. झरोके विटांनी बुजवले, चुन्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. ओल आत कोंडली गेली आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना लोणा लागला. तरी कोरडं दिसतंय म्हणून खाली लाकडी फळ्या ठोकल्या, खोकी रचली. माडीवर अडचण होते म्हणून आबांच्या वह्याही एका खोक्यात भरून खाली नेल्या. नेल्या कुणी? मीच.

19 सप्टेंबर 2008 रोजी पुन्हा पूर आला. बुजवलेल्या झरोक्यांना न विचारता पाणी मोरीतून आत शिरलं. मी भाड्यानं मोटार आणली आणि गल्लीत गुडघाभर पाणी असतानाच चार तासांत तळघर कोरडं केलं. मोठी शाबासकी मिळाली. संध्याकाळी उगवतीच्या भिंतीनं पोट काढलं, रात्री दोन दगड निखळून पडले.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. बाहेरची माती पाण्यानं जड झाली की भिंतीला आत रेटते. आतलं पाणी तिला तेवढ्याच जोरानं धरून ठेवत असतं. ते एकदम काढलंत म्हणजे भिंतीचा टेकू काढलात, असं त्यानं सांगितलं. शब्द वेगळे, बाकी आबाच बोलत होते. पुढे वाचनात आलं, की अमेरिकेत पूरक्षेत्रातल्या घरांच्या खालच्या बंदिस्त भागाला पाणी आत-बाहेर करण्यासाठी भोकं ठेवण्याचा नियम आहे. आमचे चार झरोके निव्वळ हवेसाठी नव्हते तर!

भिंत पुन्हा उभी करता आली. वह्या मात्र उघडल्या तेव्हा शाई उतरून पानांचा निळसर लगदा झालेला. कुणाचं किती येणं, कुठल्या गावाला किती हंडे गेले, तो सगळा हिशेब गाळात गेला. घरात तेवढंच आबांच्या हातचं अक्षर होतं.

धाकटा भाऊ म्हणाला, मुरूम टाकून तळघर बुजवून टाकू. त्यावर आमची वर्षभर वादावादी चालली. शेवटी मी माझ्या खर्चानं सिमेंट खरवडून काढलं, चुन्याचे सांधे भरले, झरोके उघडले. खाली आता फक्त भांडी आहेत.

ऑगस्ट 2016 मध्ये पाणी आलं, ऑगस्ट 2019 मध्येही आलं. त्या दुसऱ्या वेळी पुतण्या मोटारीची वायर हातात घेऊन उभा होता आणि मी वरच्या पायरीवर बसलो होतो. ‘काका, अजून किती वेळ?’ त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. मी त्याला दुतोंड्या बघून यायला पाठवलं.