ग्रँड कॅन्यनच्या गाढवाचा पुतळा झाला, पण माणसांचं काय? मुलांची पुस्तकं काय सांगतात आणि काय राहून जातं

पुण्या-मुंबईहून अमेरिकेतल्या लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेल्या आजी-आजोबांच्या फोटोंमध्ये एक फोटो हमखास असतो. मागे तांबूस थरांची अफाट दरी आणि पुढे रेलिंगला टेकून उभं असलेलं कुटुंब. ही दरी म्हणजे ॲरिझोना राज्यातलं ग्रँड कॅन्यन. लांबी साधारण ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त.

फोटो झाले की मोर्चा पर्यटक केंद्रातल्या दुकानाकडे वळतो. तिथे लहान मुलांच्या पुस्तकांचं एक शेल्फ असतं. नातवंड एखादं पुस्तक उचलतं, आई-बाबा किंमत बघतात आणि पुस्तक पिशवीत जातं. त्या पुस्तकात काय आहे, याकडे फारसं कुणी बघत नाही.

पण मुलांच्या एका पुस्तकामुळे याच राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाची एकेकाळी चांगलीच अडचण झाली होती. ते पुस्तक होतं एका गाढवाचं.

ब्रायटी कोण होता?

१९५३ साली अमेरिकन लेखिका मार्गरिट हेन्री यांचं ‘ब्रायटी ऑफ द ग्रँड कॅन्यन’ प्रकाशित झालं. हेन्री तेव्हा नावाजलेल्या होत्या. घोड्यांवरच्या त्यांच्या पुस्तकांवर मुलं फिदा होती आणि १९४९ मध्ये त्यांना बालसाहित्यातलं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं होतं. नव्या पुस्तकाची चित्रं त्यांचे नेहमीचे चित्रकार वेस्ली डेनिस यांनी काढली.

गोष्टीतला ब्रायटी काल्पनिक नव्हता. १८९० च्या दशकापासून १९२०च्या सुरुवातीपर्यंत हे गाढव खरोखरच या दरीत राहत होतं. दरीच्या तळाशी वाहणाऱ्या ब्राइट एंजल ओढ्यावरून त्याला हे नाव पडलं. हिवाळ्यात तो खाली उबेला असायचा आणि उन्हाळ्यात उत्तर कड्यावर यायचा. तिथल्या पर्यटकांच्या छावणीसाठी तो झऱ्यावरून पाणी वाहून आणायचा आणि छावणी चालवणाऱ्या कुटुंबातला लहान मुलगा त्याच्या सोबत असायचा.

खऱ्या ब्रायटीचा शेवट वाईट झाला. बर्फात अडकलेल्या माणसांनी त्याला मारून खाल्लं, असं सांगितलं जातं. हेन्री यांच्या पुस्तकात मात्र ब्रायटी जगतो आणि दरीत मोकळा फिरत राहतो. मुलांना हा ब्रायटी इतका आवडला की १९६७ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला आणि त्याचा ब्राँझचा पुतळाही तयार झाला. हा पुतळा उद्यानाच्या दक्षिण कड्यावर बसवण्यात आला. पुढच्या काळात नशीब उघडावं म्हणून त्याच्या नाकावर हात फिरवायची पद्धत पडली आणि पुतळ्याचं नाक चकचकीत झालं.

लाडका प्राणीच नकोसा का झाला?

गाढव हा अमेरिकेतला मूळचा प्राणी नाही. त्याचे पूर्वज आफ्रिकेतले. एकोणिसाव्या शतकात सोनं-तांबं शोधायला आलेल्या लोकांनी सामान वाहायला गाढवं आणली. खाणीतून काही हाती लागलं नाही, की माणसं निघून जायची आणि गाढवं तिथेच सोडून द्यायची. दरीत त्यांची संख्या वाढत गेली.

वाळवंटी दरीत पाणी आणि गवत दोन्ही मोजकंच असतं. गाढवं झुडपं मुळापर्यंत खायची, उतारावरची माती तुडवून सैल करायची आणि झऱ्यांवर कब्जा करायची. याचा फटका इथल्या मूळच्या प्राण्यांना, विशेषतः बिगहॉर्न या रानमेंढ्यांना बसत होता. त्यामुळे १९२४ ते १९६९ या काळात उद्यान प्रशासनाने २,८०० हून अधिक गाढवं हटवली. त्यातली बहुतेक गोळ्या घालून मारली गेली.

म्हणजे ब्रायटीची गोष्ट घराघरांत वाचली जात होती, त्याच वर्षांत त्याचे भाऊबंद मारले जात होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस उरलेली गाढवं मारायची योजना पुढे आली आणि देशभर विरोध सुरू झाला. ज्या पिढीने लहानपणी ब्रायटी वाचला होता, ती आता मोठी झाली होती.

शेवटी क्लीव्हलंड ॲमोरी यांच्या ‘फंड फॉर ॲनिमल्स’ या संस्थेने गाढवं जिवंत बाहेर काढायची जबाबदारी घेतली. गाढवं पकडायची, जाळीत बांधायची आणि हेलिकॉप्टरला लटकवून वर आणायची, असं काम सुरू झालं. अशी ५७७ गाढवं वाचवण्यात आली. ती ठेवण्यासाठी टेक्सासमध्ये जे आश्रयस्थान उभं राहिलं, त्याचं नाव ‘ब्लॅक ब्यूटी रँच’. हे नावही ॲना स्यूएल यांच्या १८७७ मधल्या घोड्याच्या गाजलेल्या कादंबरीवरून घेतलेलं.

या वादात पुतळ्याचीही पंचाईत झाली. एकीकडे गाढवं हटवायची आणि दुसरीकडे गाढवाचा पुतळा मिरवायचा, हे जमेना. ब्रायटीला दक्षिण कड्यावरून काढण्यात आलं आणि पुढे तो उत्तर कड्यावरच्या लॉजमध्ये जाऊन बसला.

इथे हेन्री यांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांनी एका प्राण्याची गोष्ट लिहिली होती, उद्यानाची नाही. मुलांचं पुस्तक एका जिवाबद्दल माया निर्माण करतं आणि राष्ट्रीय उद्यानाला मात्र सगळ्या जंगलाचा हिशोब ठेवावा लागतो. ब्रायटीच्या वाचकांना झऱ्यावर तहानलेला बिगहॉर्न कधी भेटलाच नव्हता.

१७० कोटी वर्षं लहान मुलाला कशी सांगायची?

प्राण्यांपेक्षाही अवघड गोष्ट आहे ती काळाची. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर आपण ज्या चुनखडकावर उभे असतो, तो सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तळाशी नदीकाठी दिसणारे काळसर खडक १७० कोटी वर्षांहून जुने आहेत. तुलनेसाठी आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण घ्या. तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे तिथला सगळ्यात वरचा, सगळ्यात ‘नवा’ थरसुद्धा सह्याद्रीच्या चौपट जुना आहे.

खडक इतके जुने असले तरी दरी तुलनेने तरुण आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते कोलोरॅडो नदीने आजची दरी मुख्यतः गेल्या ५० ते ६० लाख वर्षांत कोरली. खडकाचं वय वेगळं आणि दरीचं वय वेगळं, इथे मोठी माणसंही गोंधळतात. मग मुलांना कसं समजवायचं?

याचं चांगलं उत्तर जेसन चिन यांच्या ‘ग्रँड कॅन्यन’ या २०१७ च्या चित्रपुस्तकात सापडतं. गोष्ट साधी आहे. वडील आणि मुलगी दरीच्या तळापासून वर चालत निघतात. जसजसे ते चढतात, तसतसे खडक नवे होत जातात. वाटेत मुलीला खडकात जुन्या काळाच्या खुणा दिसतात. त्या पानाला एक छोटं भोक पाडलेलं आहे. पान उलटलं की त्याच भोकातून दिसणारी खूण करोडो वर्षांपूर्वीच्या जगाचा भाग होते आणि मुलगी त्या जगात उभी असते. शेवटी दुमडलेलं पान उघडलं की अख्खी दरी समोर पसरते.

म्हणजे काळाचा धडा आकड्यांऐवजी बोटांनी शिकवला जातो. पान मागे-पुढे केलं की वर्तमान आणि भूतकाळ बदलतात. या पुस्तकाला २०१८ मध्ये चित्रांसाठीचा कॅल्डिकॉट ऑनर आणि माहितीपर बालसाहित्याचा सायबर्ट ऑनर असे दोन्ही सन्मान मिळाले.

आणि डायनासोर?

ग्रँड कॅन्यन म्हटलं की मुलांचा पहिला प्रश्न डायनासोरचाच असतो. उत्तर ऐकून ती थोडी हिरमुसतात. दरीच्या मुख्य थरांमध्ये डायनासोरचे जीवाश्म नाहीत, कारण हे खडक डायनासोर जन्माला यायच्या आधीचे आहेत. इथे सापडतात ५० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले ट्रायलोबाइट, सागरी शिंपले आणि वाळूच्या टेकड्यांवर उमटून दगड झालेल्या प्राण्यांच्या पाऊलखुणा. त्यामुळे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दरीतून डायनासोर डोकावत असेल, तर आतल्या माहितीबद्दलही जरा शंका घ्यावी.

वयाचा हा मुद्दा दुकानापर्यंतही येऊन ठेपला आहे. २००३ मध्ये उद्यानातल्या दुकानात मोठ्यांसाठीचं एक पुस्तक विकायला आलं. ही दरी बायबलमधल्या नोहाच्या काळच्या महापुरात, म्हणजे अवघ्या काही हजार वर्षांपूर्वी तयार झाली, असा त्याचा दावा होता. भूशास्त्राशी संबंधित संस्थांच्या अध्यक्षांनी पत्र लिहून ते काढून टाकण्याची मागणी केली. श्रद्धा बाळगायला कुणाची ना नव्हती. आक्षेप इतकाच होता की सरकारी उद्यानाच्या दुकानातलं पुस्तक ‘उद्यानाने मान्य केलेलं’ आहे, असं वाचक धरून चालतो. मुलं तर नक्कीच धरून चालतात.

ज्यांचं घर होतं, ते लोक कुठे गेले?

आता सगळ्यात मोठी राहून गेलेली गोष्ट. १९१९ मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा ही दरी रिकामी नव्हती. हवासुपाई या मूलनिवासी लोकांचं हे पिढ्यानपिढ्यांचं घर होतं. त्यांच्या नावाचा अर्थ ‘निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक’. १८८२ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी जेमतेम ५१८ एकर जमीन राखून ठेवली आणि बाकीची काढून घेतली.

ब्राइट एंजल पायवाटेवर दरीच्या मध्यावर झाडी आणि पाण्याची एक जागा आहे. हवासुपाई तिथे शेती करायचे. तिथल्या शेवटच्या रहिवाशाला १९२८ मध्ये जबरदस्तीने हलवण्यात आलं. गोऱ्या लोकांनी त्यांना दिलेलं नाव होतं ‘कॅप्टन बुरो’. अमेरिकेच्या या भागात ‘बुरो’ म्हणजे गाढव.

त्यानंतर अनेक दशकं पर्यटक त्या जागेला ‘इंडियन गार्डन’ म्हणत राहिले. १९७५ मध्ये कायदा होऊन हवासुपाईंना सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली. २०२२ मध्ये त्या जागेचं नाव बदलून ‘हवासुपाई गार्डन्स’ करण्यात आलं. आज त्यांचं सुपाई हे गाव दरीच्या आतच आहे. तिथे मोटाररस्ता नाही आणि टपाल अजूनही खेचरांवरून पोहोचतं.

‘ब्रायटी’मध्ये म्हातारा खाणशोधक आहे, सिंहांचा शिकारी आहे, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसुद्धा आहेत. गोष्ट फिरते ती यांच्याभोवती. चिन यांच्या चित्रकथेचा विषय खडक आणि निसर्ग आहे. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी चांगली आहेत. पण मूल फक्त अशीच पुस्तकं वाचत मोठं झालं, तर त्याला वाटतं की राष्ट्रीय उद्यान म्हणजे माणूस नसलेली जागा, कुणीतरी शोधून काढलेली आणि मग आपल्यासाठी जपून ठेवलेली.

मग पुस्तक निवडताना काय बघायचं?

सगळं काही एकाच पुस्तकात मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. त्यापेक्षा दोन-तीन वेगवेगळी पुस्तकं एकत्र वाचणं चांगलं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला चिन यांच्या पुस्तकातली चित्रं आणि भोकं पुरतात. लिझ गार्टन स्कॅनलन यांचं ‘इन द कॅन्यन’ हे यमकात लिहिलेलं पुस्तक त्याहून लहानांना वाचून दाखवता येतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ‘ब्रायटी’ जरूर द्या, पण वाचून झाल्यावर बिगहॉर्नची आणि हेलिकॉप्टरने नेलेल्या गाढवांची गोष्ट तुम्ही सांगा.

विकत घेण्याआधी तीन पानं उघडून बघा. खडकांचं वय दिलं आहे का आणि ते बरोबर आहे का? शेवटी लेखकाची टिपणं आहेत का, कारण माहितीपर चांगल्या पुस्तकांत ती बहुधा असतात. आणि इथे राहणाऱ्या लोकांचा उल्लेख नुसता ‘पूर्वी राहायचे’ असा आहे, की ते आजही आहेत हे पुस्तकाला माहीत आहे?

पुस्तकाखेरीज एक फुकटचा पर्यायही आहे. अमेरिकेतल्या अनेक राष्ट्रीय उद्यानांत मुलांसाठी ‘ज्युनियर रेंजर’ उपक्रम असतो. मुलाने उद्यानात फिरून पुस्तिकेतले उपक्रम पूर्ण केले, की रेंजर त्याच्याकडून शपथ वदवून घेतात आणि बिल्ला देतात. पुस्तिकेत उत्तर सापडलं नाही तर समोर उभ्या रेंजरला विचारता येतं, ‘आधी इथे कोण राहायचं?’

जुलै २०२५ मध्ये उत्तर कड्यावर मोठा वणवा लागला आणि ब्रायटीचा पुतळा असलेलं ऐतिहासिक लॉज जळून गेलं. पुतळा नुकसान झालेल्या अवस्थेत बाहेर काढण्यात आला. लॉज पुन्हा उभं राहील, तेव्हा ब्रायटीच्या नाकावर हात फिरवायला मुलं पुन्हा रांग लावतील. त्याच वेळी त्यांना बिगहॉर्नबद्दल आणि कॅप्टन बुरोबद्दलही कुणी सांगितलं, तर दरीची गोष्ट बरीचशी पुरी होईल.