आमचेच भुरगे

लिस्बनच्या बेन्फिकाने युरोपियन कप पहिल्यांदा जिंकला तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचा झेंडा होता. दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा तिरंगा फडकत होता. ३१ मे १९६१ आणि २ मे १९६२. मध्ये १९ डिसेंबर, गोवा मुक्त झाला तो दिवस. मडगावात आमच्याकडे फुटबॉलचं बोलणं निघालं की या तीन तारखा आल्यावाचून राहत नसत.

बोलणारे दोघे. आजोबा मराठी शाळेत मास्तर होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाची शीर उठे. शेजारचे तियू, म्हणजे काका, हे लोरेन्सो मार्किसच्या, म्हणजे आजच्या मापुतोच्या, रेल्वे कचेरीत कारकून. १९६१ साली रजेवर गोव्यात आले ते परत गेलेच नाहीत. संध्याकाळी तियूंच्या बल्कांवात, घरापुढच्या ओसरीत, दोघांची बैठक जमे, आणि आम्ही मुलं पायरीवर बसून ऐकत असू.

तियूंची गोष्ट लिस्बनमध्ये नव्हे, मफालालात सुरू व्हायची. लोरेन्सो मार्किसमधली ही पत्र्याच्या घरांची काळ्यांची वस्ती. बेन्फिकाचा युसेबियो तिथलाच. अनवाणी पायांनी चिंध्यांचा चेंडू मारत वाढला. देस्पोर्तिवो हा त्या शहरातला बेन्फिकाचा शाखा-क्लब. त्याने या पोराला दारातूनच परत पाठवलं, मग लिस्बनच्याच स्पोर्टिंगच्या शाखेने घेतलं. तियूंनी त्याला तिथे खेळताना पाहिलं होतं. डिसेंबर १९६० मध्ये तो लिस्बनला उतरला आणि दोन्ही बड्या क्लबांत त्याच्यावरून भांडण जुंपलं. बेन्फिकाने त्याला काही काळ दक्षिणेकडच्या एका गावात लपवून ठेवलं. हे सांगताना तियूंचा आवाज आपोआप खाली येई, जणू स्पोर्टिंगची माणसं अजून शोधातच आहेत.

पहिला कप मात्र युसेबियोविना आला. स्पर्धेची पहिली पाच वर्षं कप रेआल माद्रिदने कुणाला सोडलाच नव्हता. बर्नमधल्या अंतिम सामन्यात समोर बार्सिलोना. त्यांच्याकडून कोचिश आणि चिबोर हे हंगेरियन खेळत होते. याच मैदानावर १९५४ च्या विश्वचषकाची अंतिम लढत दोघे २-३ हरले होते. या वेळी दोघांनीही गोल केले, बार्सिलोनाचे फटके पुन्हा पुन्हा खांबांवर आदळले, आणि निकाल लागला तोच, ३-२. बेन्फिकाच्या त्या अकरांतले चार आफ्रिकेत जन्मलेले: गोलरक्षक कोश्ता परेरा आणि कोलुना मोझांबिकचे, जुझे आग्वास आणि सान्ताना अंगोलाचे.

इथे आजोबा अडवत. त्याच वर्षी अंगोलात उठाव झाला होता आणि तो निर्दयपणे चिरडला जात होता. १९५१ पासून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायचं, आणि मग असा संघ दाखवून ‘पाहा, आम्ही सगळे एक’ असं जगाला सांगायचं, हा सरकारचा डाव. गोव्यातले सत्याग्रही आग्वादच्या तुरुंगात असताना त्यांचा कप आपण का मिरवायचा? तियू शांतपणे म्हणत, “सरकाराचे न्हय, मास्तर. आमचेच भुरगे ते.”

दुसऱ्या कपाची बातमी आली तेव्हा हा वाद बदलला होता. पोर्तुगीज युद्धकैदी अजून फोंड्याच्या छावणीत होते. मायदेशी जायचे ते त्याच मे महिन्यात. तिकडे आम्सटर्डममध्ये रेआल माद्रिदच्या पुश्काशने मध्यंतरापूर्वीच तीन गोल ठोकले होते. मध्यंतरानंतर कोलुनाने लांबून फटका मारून बरोबरी साधली आणि वीस वर्षांच्या युसेबियोने शेवटचे दोन गोल करून ५-३ केले. ते वर्णन आजोबा पूर्ण ऐकत. राज्य गेलं होतं, आता त्यांना या मुलांवर मोकळ्या मनाने प्रेम करता येत होतं, असं मला वाटतं.

पुढचं सगळं तियू एका शब्दात आवरत: शाप. प्रशिक्षक बेला गुटमनना वाढीव मोबदला नाकारला गेला, ते १९६२ साली क्लब सोडून गेले आणि जाताना म्हणाले की शंभर वर्षं बेन्फिका युरोपात जिंकणार नाही. तेव्हापासून आठ अंतिम लढती हरल्या, हे खरंच. १९९० मध्ये व्हिएन्नातल्या सामन्याआधी युसेबियोने तिथल्याच गुटमनच्या कबरीपाशी प्रार्थना केली, तरी मिलान १-० ने जिंकला.

पण मला ही कथा पटत नाही. शाप देणारे गुटमन १९६५ साली पुन्हा त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले, तो मोसमभर राहिले. आणि त्या पराभवांना कारणं आहेत. १९६३ मध्ये वेम्बलीवर कोलुना जायबंदी झाला, तेव्हा बदली खेळाडूची सोयच नव्हती. १९६५ ची अंतिम लढत इंटरच्या स्वतःच्या मैदानावर, भर पावसात. कोश्ता परेराच्या हातून चेंडू निसटला, पुढे तो दुखापतीने बाहेर गेला आणि बचावपटू जेर्मानो गोलात उभा राहिला. दहा जणांनी त्यानंतर एकही गोल होऊ दिला नाही. या झुंजीला शापाच्या खाती टाकणं म्हणजे त्या माणसांचं श्रेय पुसणं, आणि तेवढ्यापुरतं तियूंशी माझं आजही भांडण आहे.

युसेबियो जानेवारी २०१४ मध्ये गेले, कोलुना पुढच्याच महिन्यात मापुतोत. मे महिन्यात बेन्फिका तुरीनला सेव्हियाकडून पेनल्टींवर हरली. वर्तमानपत्रांनी पुन्हा शापच छापला. कोलुनांबद्दल छापण्यासारखं याहून मोठं होतं: बेन्फिकाचा हा कर्णधार पुढे स्वतंत्र मोझांबिकच्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला.