मेंढीचे आहारपूरक : वनौषधी व प्रोबायोटिक

मेंढीच्या रोजच्या वैरणीत किंवा खुराकात थोड्या प्रमाणात मिसळली जाणारी वनस्पतिजन्य द्रव्ये आणि जिवंत, उपकारक सूक्ष्मजीव. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली आणि त्यांना पर्याय म्हणून या पूरकांकडे ओढा वाढला.

मेंढीला चारणे म्हणजे आधी तिच्या कोठीपोटातल्या, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातल्या, बिऱ्हाडाला चारणे. तेथील जीवाणू, आदिजीव व कवके कडबा-पाला कुजवून मेदाम्ले तयार करतात आणि मेंढीची बरीचशी ऊर्जेची गरज त्यांतूनच भागते. पूरकांचा परिणाम मुख्यतः या बिऱ्हाडावर होतो.

वनौषधी : वनस्पतींतील टॅनिन हे तुरट द्रव्य कोठीपोटात प्रथिनांना बांधून ठेवते आणि पुढच्या, आम्लधर्मी खऱ्या पोटात सोडते, त्यामुळे प्रथिने सूक्ष्मजीवांच्या तावडीतून वाचून थेट मेंढीला मिळतात. न्यूझीलंडमध्ये टॅनिनयुक्त लोटस कॉर्निक्युलेटस या द्विदल चाऱ्यावर चरलेल्या मेंढ्यांत लोकरीची वाढ व बीजोत्सर्गाचे प्रमाण सुधारल्याचे आढळले. हिमॉन्कस या रक्तशोषक कृमीलाही टॅनिन काही अंशी आवर घालते. महाराष्ट्रातले धनगर उन्हाळ्यात आकडीने ज्या बाभळीच्या शेंगा पाडतात, त्यांतही टॅनिन असते. मात्र चाऱ्याच्या शुष्क भारात ते सुमारे ५ टक्क्यांपलीकडे गेले, की मेंढी खाणे कमी करते. रिठा-शिकेकाईतील सॅपोनिन आदिजीवांची संख्या घटवते, तर लसणातील गंधकयुक्त द्रव्ये मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना रोखतात.

प्रोबायोटिक : सर्वांत रुळलेले पूरक म्हणजे पाव फुगवणाऱ्या यीस्टच्याच जातीचे, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. चाऱ्याबरोबर आत शिरलेला ऑक्सिजन ते टिपते, त्यामुळे तंतू पचवणाऱ्या, हवा न सोसणाऱ्या जीवाणूंचे फावते. धान्याचा खुराक वाढवताना होणारी आम्लताही त्याने काहीशी आटोक्यात राहते. दूधपित्या कोकरांचे कोठीपोट अजून तयार झालेले नसते. त्यांना लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू देतात ते मुख्यतः आतड्यासाठी, हगवण कमी व्हावी म्हणून.

सूक्ष्मजीव दिल्याने काय साधते, याचा ठळक दाखला सुबाभळीचा. तिच्यातील मिमोसीनमुळे मेंढीची लोकर गळते आणि त्यापासून बनणारे डीएचपी हे द्रव्य गलग्रंथीला बाधते. हवाईतील शेळ्यांना मात्र सुबाभूळ सोसते, हे ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी हेरले. त्या शेळ्यांच्या कोठीपोटातील द्रव ऑस्ट्रेलियात नेऊन तेथील जनावरांना दिल्यावर त्यांनाही ती पचू लागली. डीएचपी मोडणाऱ्या जीवाणूला पुढे सिनर्जिस्टीस जोन्सिआय हे नाव मिळाले.

मर्यादा : मूळ चारा, मात्रा व मेंढीचे वय यांनुसार परिणाम बदलतो, निकस वैरणीची उणीव पूरकाने भरून निघत नाही. उष्णता व ओल यांनी प्रोबायोटिकमधील सूक्ष्मजीव मरतात, म्हणून पुडा थंड, कोरड्या जागी ठेवावा लागतो. गाईंसाठीचे क्षारयुक्त मिश्रण मेंढीला देणे धोक्याचे असते, कारण त्यातील जादा तांबे तिच्या यकृतात साठत जाऊन विषबाधा होते.