थंडीशी लढणाऱ्याचं थंडीला घाबरणारं मशीन

आजची गोष्ट प्रेशर वॉशरची.

१९३५ साली जर्मनीत आल्फ्रेड कार्चर यांनी कंपनी काढली. सुरुवातीला ते थंडीत गारठलेली विमानांची इंजिनं गरम करणारे हीटर बनवायचे. १९५० मध्ये त्यांनी गरम पाण्याचा हाय-प्रेशर क्लीनर आणला. १९८४ मध्ये कंपनीचं घरगुती मशीन आलं.

गंमत बघा, थंडीशी लढणाऱ्या माणसाच्या या मशीनला थंडीचीच भीती! पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि आत राहिलेल्या पाण्याने पंप तडकू शकतो. म्हणून तिकडे हिवाळ्याआधी नळ बंद करतात, ट्रिगर दाबून उरलेलं प्रेशर सोडतात, पाईप काढून पाणी निथळू देतात आणि पंपात अँटीफ्रीझ भरतात.

जर्मनीत राहणाऱ्या श्रोत्यांनो, मशीन गॅरेजमध्ये ठेवण्याआधी एवढं कराच. नवा पंप महागात पडतो!