कोऱ्या आकाशाची कथा

म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूरच्या शिवारात श्रावणात उभे राहिले म्हणजे कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातखाचरे आणि त्यांवर ओथंबलेले आकाश ही दोन्ही डोळ्यांना एकदमच दिसतात. कॅमेऱ्याला मात्र त्यांपैकी एकच धड दिसते. शेत साधावे तर ढग विरून जातात, ढग साधावे तर शेत काळोखात बुडते.

हे दुखणे जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वापरात असलेल्या कलोडियनच्या काचांना निळा व जांभळा प्रकाशच तेवढा जाणवे. जमीन उमटेपर्यंत थांबावे, तो आकाश जळून कोरे होई. त्या काळची चित्रे पाहताना हिंदुस्थानावर कधी ढग आलेच नाहीत की काय, असा भ्रम पडतो. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक व आकाशाची दुसरी अशा निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडल्या. एकच आकाश त्याने निरनिराळ्या समुद्रांवर पांघरले!

आमच्या या प्रांतातीलच उदाहरण घ्यावयाचे तर कॅप्टन लिनियस ट्राइप याचे. बंगळूरच्या छावणीतील या अधिकाऱ्याने डिसेंबर १८५४ मध्ये हळेबीड व बेलूर येथील देवळे टिपली. १८५६ त तो मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला. आपल्या कित्येक चित्रांत त्याने मेण दिलेल्या कागदी निगेटिव्हवर रंग लावून ढग उभे केले. चित्रे देखणी आहेत यात शंका नाही. पण त्या दिवशीचे खरे ढग कोणते, हे आता कोणासही कळावयाचे नाही.

काचेच्या उपायाला रसायनाची वाट पाहावी लागली. निळ्याखेरीज काही न जाणणाऱ्या निगेटिव्हपुढे पिवळी काच धरून उरणार काय? १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रंगद्रव्याच्या योगाने तिला हिरव्याची जाणीव दिली, तेव्हा पिवळ्या काचेला अर्थ आला. पुढे वर गडद पिवळी व खाली उतरत उतरत स्वच्छ अशी काच निघाली, तोच ग्रॅज्युएटेड फिल्टर. रंगीत फिल्मवर पिवळे आकाश कोणास हवे? तेथे काच करडी झाली. १९७८ मध्ये जाँ कोकँ या फ्रेंच छायाचित्रकाराच्या 'कोकिन' पद्धतीमुळे चौकटीत वरखाली सरकणारी अशी काच हौशी माणसाच्या हाती आली. ०·६ घनतेची काच आकाशाचा प्रकाश चौथ्या हिश्शावर आणते.

बन्नूरच्या खाचरांवर ती गुणाची ठरते, कारण क्षितिज सरळ आहे. माडांचे शेंडे तेवढे काळवंडतात. तेथून काही मैलांवरील सोमनाथपुरास, होयसळ सेनापती सोमनाथाने तेराव्या शतकात बांधविलेल्या केशव मंदिरापुढे, मात्र ती फसते. तिन्ही शिखरे आकाशात शिरलेली. ढग वाचवावे तर त्यांवरील कोरीव काम काजळी धरते. आजचा फोन क्षणार्धात अनेक चित्रे घेऊन जोडतो. ती युक्ती ल ग्रेचीच. आकाश मात्र त्याच घटकेचे.

आम्ही तेथे काच काढून खिशात ठेवली, शिखरांपुरता प्रकाश मोजला आणि आकाश पांढरे जाऊ दिले. चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले: दुपारी साडेतीन, नैर्ऋत्येस काळे ढग.